गोणीची गाठ

लग्नात नवऱ्याचं उपरणं आणि नवरीच्या शालूचा पदर, आत हळकुंड-सुपारी घालून एकत्र बांधायचा मान नवऱ्याच्या बहिणीचा. ती गाठ नंतर सोडायचा मानही तिचाच. आमच्या मोठ्या भावाच्या लग्नात मी ती बांधली आणि तिसऱ्या पावलाला ती सुटली. नुसती सुटली असती तर कुणी बघितलं नसतं, पण सुपारी घरंगळत गेली ती थेट होमापाशी जाऊन थांबली. सगळ्या मांडवानं आधी सुपारीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

तेव्हापासून दादा-वहिनीत काहीही वाजलं की फोन मला येतो. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून भांडण झालं तरी वहिनी म्हणते, "ताई, तुम्ही तव्हा जरा घट्ट मारली असती तर!" त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झालीत, दोन पोरं आहेत, तरी सगळा दोष माझ्याच बोटांचा.

धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा आईनं भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "यावेळी गाठ तुझी चुलत बहीण मारील. तू ताट धर."

मला असा राग आला म्हणता! मी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे. ओल्या कागदावर बी ठेवायचं, किती उगवलं ते मोजायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. माझ्या सहीवर लोक रानात बी टाकतात आणि घरात मी ताट धरायचं? रागाच्या पाठोपाठ रडूही आलं, ते मी कांद्यावर ढकललं. आईला म्हटलं, "महिन्याभरात शिकते. या वेळी सुटली तर परत कुणाच्या लग्नात स्टेजवर चढणार न्हाई." आई म्हणाली, "बघ बाई, तुझ्याच तोंडानं बोलून राह्यली."

कंपनीच्या गोदामात एक मावशी आहेत. आलेल्या मालाच्या गोण्यांची तोंडं सुतळीनं बांधायची, हे त्यांचं वीस-बावीस वर्षांचं काम. त्यांनी बांधलेली गोणी ट्रकवरून पडली तर गोणी फाटते, तोंड सुटत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायला लागले. गोणीच्या मानेला दोन वेढे घ्यायचे, दुसरा पहिल्याला ओलांडून जाईल असा, आणि टोक त्या ओलांडणीच्या खालून काढायचं. मग गोणीवर पाय देऊन दोन्हीकडून ओढायचं. "म्याडम, गाठ डोळ्यानं न्हाई पाहायची. आंगठ्यानं पाहायची," असं म्हणून त्या माझा अंगठा धरून सुतळीवर दाबायच्या. पहिल्या आठवड्यात माझी प्रत्येक गाठ त्यांनी एका फुंकरीत सोडल्यासारखी सोडली. दुसऱ्या आठवड्यात त्यांना नख लावावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दोनदा ओढून बघितली, मान हलवली आणि डबा उघडून मला ठेचा वाढला.

घरी मी गव्हाचं पोतं बांधलं, उशा बांधल्या, शेवेचा पुडा बांधला. नवऱ्याच्या डब्याची पिशवी तर अशी बांधली की त्या दिवशी त्यानं स्टेशनजवळ भजी खाल्ली आणि संध्याकाळी पिशवी जशीच्या तशी आणून माझ्यापुढे ठेवली. मी ती कात्रीनं कापली आणि अतिशय खूश झाले. कापताना माझ्या डोक्यात काही यायला हवं होतं, पण आलं नाही.

मेमधलं लग्न. नवीन जालन्यातलं मंगल कार्यालय, सहा कूलर, सहाही स्टेजकडे तोंड करून आणि वऱ्हाडी मंडळी घामानं थबथबलेली. नवरी भोकरदनकडची, बारीकशी, कमी बोलणारी. मी पदर आणि उपरणं एकत्र घेतलं, सुपारी आत बसवली, उपरण्याचे दोन वेढे घेतले, टोक खालून काढलं. गोणीवर पाय देतात तसा पाय देता येणार नव्हता म्हणून भावाला म्हटलं, तू तिकडून ओढ. त्यानं ओढलं. अंगठ्याला कळलं की बसली.

सात पावलं झाली, गाठ तसूभर हलली नाही. आईनं माझ्याकडे बघून मान डोलावली. मला इतका आनंद झाला की मी चुलत बहिणीच्या हातातलं ताटही काढून घेतलं. मग जो तो गाठ तपासायला यायला लागला. आत्यांनी ओढून बघितली. मामांनी ओढून बघितली. दादा-वहिनी दोघं मिळून आले, दोघांनी दोन बाजूंनी ओढली आणि वहिनी म्हणाली, "अशी पाह्यजे होती." अकरा वर्षांत त्यांनी एकमतानं केलेलं हे पहिलं काम.

जेवणं झाली. गाठ सोडायची वेळ आली. मी ऐटीत पुढे झाले, नख लावलं. नख मोडलं.

मग दात लावले. मग कुणीतरी खोबरेल तेल आणलं, त्यानं शालूला डाग पडला आणि गाठ चकचकीत झाली. मांडवाच्या वायरमननं पक्कड आणली. मामा निवृत्त शिक्षक. त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर गाठीची आकृती काढली आणि कुठलं टोक कुठं जातं ते बाणांनी दाखवलं. आकृती सुंदर आली. गुरुजी पुढच्या मुहूर्ताला निघून गेले होते, त्यांना फोन लावला. मागे मंगलाष्टकं चालू होती, त्यातूनच ते ओरडले, "सुटत न्हाई म्हणजे? गाठी सुटतात म्हणून लोकं मला फोन करतात!"

शेवटी मी मावशींना फोन लावला. म्हटलं, "मावशी, ती गाठ सोडायची कशी?"

"कोन्ती?"

"गोणीची."

त्यांना प्रश्नच कळला नव्हता. मग म्हणाल्या, "म्याडम, गोणी कोन सोडतं? सुतळी कापायची अन् माल वतायचा. पक्की बसलेली मी आजपस्तोर एक बी सोडली न्हाई."

महिनाभर मी शिकले ते अर्धंच शिकले होते, आणि उरलेलं अर्धं शिकवणारीलाच येत नव्हतं.

"कापा मंग," कुणीतरी म्हणालं. आत्या खुर्चीतून उठल्या. आमच्या घरात आत्यांच्या वर कोर्ट नाही. "अक्षता पडून चार घंटे न्हाई झाले अन् कात्री लावता? बिलकुल न्हाई!" भाऊ म्हणाला, "मी उपरणं काढून देतो, ते राहू दे तिच्याजवळ." आत्या म्हणाल्या, "आजच टाकून मोकळा व्हतो का रं?" भाऊ लाल झाला आणि त्यानं उपरणं दोन्ही हातांनी खांद्यावर दाबून धरलं.

इतक्यात नवरी माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ताई, मला बाथरूमला जायचंय."

मी ते आत्यांच्या कानात सांगितलं. आत्यांनी ते मोठ्यानं सांगितलं. त्यावर चर्चा झाली आणि निकाल लागला की दोघांनी जोडीनं जावं, नवरा-बायको आहेत आता, लाजायचं काय. पुढे नवरी, मागे तोंड फिरवून चालणारा नवरा, त्यांच्यामागे दोन करवल्या, त्यांच्यामागे व्हिडिओवाला दिवा लावून. बँडवाल्याला वाटलं वरात निघाली. त्यानं वाजवायला सुरुवात केली. बाथरूमच्या दाराशी कळलं की उपरणं दोन हात कमी पडतंय. ती आत पोचली की हा दारात अडकतो, आणि हा बाहेर राहिला की दार लागत नाही. मामांनी खिशातून पत्रिका काढून काही गणित मांडलं. सगळी मिरवणूक तशीच परत आली. बँड वाजतच होता.

नवरी खुर्चीच्या कडेवर टेकली. मान खाली, दोन्ही मुठी आवळलेल्या. भोवती पंधरा-वीस माणसं, आणि सगळी गाठीकडे बघत होती. मी पण. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते: कापली तर ती मी मारलेली दुसरी फसलेली गाठ, आणि आई मला आयुष्यभर ताट धरायला लावील. मग तिचे डोळे भरून आलेले मला दिसले.

फुलवाल्याच्या टोपलीत कात्री होती. मी उचलली आणि उपरणं गाठीच्या वर चार बोटांवर कापलं. कच्चकन आवाज झाला. नवरी शालू दोन्ही हातांनी वर धरून अशी पळाली की करवल्या मागे राहिल्या. भाऊ खांद्यावर अर्धं उपरणं घेऊन उभा. आत्या मटकन खाली बसल्या. बँडवाला कुणीही न सांगता थांबला.

ती परत आली तेव्हा आत्यांनी तिचा पदर हातात घेतला. गाठ पदरालाच होती, सुपारीसकट, कापलेल्या उपरण्याचा तुकडा तिच्यातून बाहेर आलेला. आत्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, शेवटची एकदा ओढून बघितली आणि जाहीर केलं, "गाठ कुठं सुटली? हाये तशीच हाये." मांडवानं सुटकेचा निःश्वास टाकला. आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "न्हाई सुटली." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी जिंकले होते.

पुढे पाच-सहा दिवसांनी, पाहुणे गेल्यावर, नवी भावजय आणि मी ओट्याशी चहा पीत होतो. मी तिला म्हटलं, "चार घंटे कशाला गप्प बसलीस गं? बाथरूमचं आधी सांगायचं की."

ती म्हणाली, "सांगितलं होतं ताई. दोनदा. तुम्हालाच सांगितलं होतं." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईनं, "तुम्ही गाठ सोडून राहिल्या होत्या ना. तुम्ही म्हणल्या, थांब."