बाकाला कोणता रंग देऊ?

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आणि हट्टाच्या बाबतीत नव्वद. तळ्याकाठी तिचं चार खोल्यांचं घर आहे, पर्यटकांना राहायला. भावोजी होते तेव्हा ते पाहुण्यांना होडीतून फिरवायचे. ते गेल्यापासून होडी मागच्या अंगणात पालथी पडली आहे आणि बाकी सगळं ताई एकटी बघते. चादरी, नाश्ता, गळके नळ, आणि पत्रं.

पत्रांचं वेड खास तिचं. येऊन गेलेल्या प्रत्येकाला ती महिन्याला एक मेल पाठवायची. तळ्यात पाणी किती आहे, बदकं आली का, कुठली खोली रिकामी आहे, असं सगळं. पण पाठवायची कशी? एकेकाला. वर पुन्हा प्रत्येकाची वेगळी चौकशी. आईचा गुडघा कसा आहे, मुलीची परीक्षा कशी गेली. यादीत चारशे माणसं. शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो महिना सरायचा आणि रिकामी म्हणून कळवलेली खोली केव्हाच भरलेली असायची.

मला हे बघवेना. मी वीस वर्षं एका कंपनीच्या जाहिरात खात्यात काढली आहेत, असली न्यूजलेटरं हे माझं रोजचं काम. सुट्टी काढून तिच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, "ताई, एक बटण दाबलं की चारशे जणांना एकदम जातं."

"मग त्यांना कळणार नाही का, मी नुसतं बटण दाबलंय ते?"

"त्यांना काय करायचंय त्याच्याशी?"

ती उठून गळका नळ आवळायला गेली. वाद सोडला म्हणजे पटलं असं नव्हे, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी पुढे रेटलं. दोन दिवसांत सगळं बसवून दिलं. वर तळ्याचा फोटो, खाली बुकिंगचं ठसठशीत बटण. पाठवण्यासाठी एक नवा मेल पत्ताही काढला, उगाच तिच्या रोजच्या मेलमध्ये कचरा नको म्हणून.

तिने एवढंच विचारलं, "शेवटी काहीतरी विचारू ना? मी नेहमी विचारते."

"विचार बाई. पण सगळ्यांना मिळून एकच."

तिने चहा थंड होईपर्यंत विचार केला आणि लिहिलं: 'मागच्या अंगणातला बाक खरवडून ठेवलाय. हिरवा रंग देऊ की निळा?' मला हसू आलं. जाहिरातीच्या मेलला कधी कोणी उत्तर देतं का?

आणि तसंच झालं. पहिला महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. एक उत्तर नाही. बुकिंगच्या बटणावर चार-पाच जणांनी बोट ठेवलं असेल, तेही एकदाच येऊन गेलेले नवखे. जुन्यांपैकी कोणीच नाही. बाक तसाच उघडाबोडका उभा. ताई रोज सकाळी मेल उघडायची, बघायची आणि बंद करायची.

मी पुन्हा गेले तेव्हा चादरीच्या घड्या घालता घालता तिने सांगितलं, "शेजारचा हॉटेलवाला सोमवारी येतोय. त्याला घर देऊन टाकते. त्याला इथे गाड्या लावायला जागा हवीय."

"वेड लागलंय का तुला? जन्म गेला तुझा या घरात."

"लोक विसरले गं मला. चार खोल्या कुणासाठी झाडायच्या?"

मी तावातावाने भांडले. ती घड्या घालत राहिली. खरं सांगते, त्या दिवशी मला तिचा राग आला नाही, तिच्या पाहुण्यांचा आला. कृतघ्न मेले, इतक्या वर्षांची माया आणि एका ओळीची दानत नाही.

शनिवारी सकाळी ती अंगणात चादरी वाळत घालत होती आणि घरातला फोन वाजला. मी उचलला. दरवर्षी दुर्बीण घेऊन दोन नंबरच्या खोलीत उतरणारे म्हातारे मास्तर होते.

"ताई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. का हो?"

"तीनदा लिहिलं, एकदाही उत्तर नाही. असं कधी झालं नव्हतं. म्हटलं, काही बरंवाईट तर झालं नाही?"

"कुठे लिहिलंत तुम्ही?"

"कुठे म्हणजे? त्यांच्या पत्राखालीच उत्तर दिलं. निळा, असं कळवलं होतं."

फोन ठेवला आणि लक्षात आलं. तो नवा पत्ता. काढला त्या दिवसानंतर मी तो उघडलाच नव्हता. उघडायचा कशाला, जाहिरातीला उत्तर येत नसतं ना. पासवर्ड तिसऱ्या खेपेला आठवला. न वाचलेल्या मेल, दोनशे सोळा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वीस वर्षांचा अनुभव घेऊन मी ताईच्या माणसांना तीन महिने बंद दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं. लाज वाटली, पण त्याआधी जीव भांड्यात पडला.

ताईला हाक मारली. ती ओले हात पुसत आली आणि वाचू लागली. 'हिरवा.' 'निळा.' 'रंग देऊ नका, आम्ही येऊन देतो, दोन खोल्या ठेवा.' 'आईचा गुडघा बरा आहे. यंदा तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपणहून कळवते.' बटण यांच्यापैकी कोणी दाबलं नव्हतं. सगळ्यांनी नेहमीसारखं लिहून खोली मागितली होती. आणि निळा म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पुढे लिहिलं होतं, होडीचा होता तो निळा.

तिथे ताईला रडू फुटलं. मलाही.

"म्हणजे लोक बोलत होते. मीच ऐकत नव्हते," ती म्हणाली.

"तू नाही, मी."

"हो, तूच," ती म्हणाली, आणि नाक पुसून तिने हॉटेलवाल्याला फोन लावला. "सोमवारी येऊ नका. रंगकाम काढलंय. नाही, नंतरही नको. नंतर पाहुणे असतील."

मग खुर्ची ओढून ती उत्तरं लिहायला बसली. एकेकाला. पहिलं मास्तरांना, दुसरं गुडघेवालीला. दोनशे सोळा व्हायला किती दिवस लागतील याचा हिशोब माझ्या अगदी ओठांवर आला होता, तो मी गिळला.

तिला म्हटलं, रंग मी आणते. जाताना पालथ्या होडीच्या कडेवरून रंगाचा एक टवका काढून घेतला. दुकानदाराने विचारलं, निळ्यात कोणता? मी टवका त्याच्यासमोर ठेवला.