पाट्याचा बोल्ट

आमची जीप गावात सगळ्यात उंच. शेताच्या वाटेवरच्या नाल्यात खालून घासू नये म्हणून वडिलांनी कारंज्याला नेऊन तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वाढवून घेतले होते. तेव्हा आईने त्यांना विचारलं होतं, आता चढायला शिडी पण घेऊन देता का? शिडी काही आली नाही, पण वडिलांनी सागवानी फळ्यांचं एक बुटकं स्टूल ठोकून दिलं. ते कायम मागच्या सीटखाली असायचं, आणि आईशिवाय कुणी त्यावर पाय ठेवत नसे.

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत कळ आली, तेव्हा त्यांना याच जीपमधून दवाखान्यात नेत होतो. मी चालवत होतो, मागे आईच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. कारंजा यायच्या आतच ते गेले. तेव्हापासून आई जीपमध्ये बसली नाही. बाजार असो की लग्न, ती आपली एसटीने जायची. मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर आरशातून ती मागची सीट मलाच बघवत नव्हती.

यंदा रिठदला मावशी पडली, खुब्याचं हाड मोडलं. बहिणीला भेटायला आईचा जीव तुटत होता. पण आमच्या कामरगावहून रिठद म्हणजे एसट्या बदलत अख्खा दिवस जातो, आणि तिचे गुडघे आता तेवढं सोसत नाहीत. तरी जीपचं नाव काढलं की ती उठून आत जायची. चुकून हो म्हणालीच तर गाडी तयार असावी, म्हणून मी एका सकाळी जीप अंगणातच जॅकवर चढवली. मागचा पाटा चेसिसला धरून ठेवणारा बोल्ट झिजला होता, खड्ड्याखड्ड्याला खटखट वाजायचा.

जुना बोल्ट काढताना नाकी नऊ आले. गंजून आत धरून बसला होता. डिझेल पाजलं, हातोडा घातला, शिव्या घातल्या. पाना पुढे करत बायको म्हणाली की शिव्यांनी नट सुटत असते तर एव्हाना आपलं गॅरेज झालं असतं. शेवटी निघाला एकदाचा. नवा घालताना भोकं जुळेनात. जॅक जरा वर, जरा खाली करत तोही आरपार गेला.

नट मात्र लगेच आवळायचा नव्हता. मागच्या खेपेला चाक लटकत असतानाच मी तो आवळून मोकळा झालो होतो, आणि गाडी खाली उतरल्यावर आतलं रबर पिळवटून फाटलं. मिस्त्रीने तेव्हाच बजावलं होतं, गाडी चाकांवर उभी कर, मागे माणसं बसव, मगच कस. पाटे वाढवल्यामुळे आमची रिकामी जीप टाचा उंच करूनच उभी असते, त्यामुळे वजन तर हवंच. जॅक काढून गाडी चाकांवर उतरवली, पण मागे ठेवायला काही नव्हतं. सोयाबीनची पोती विकून झालेली. शेजारी हरभरा काढायला गेलेले. बायकोने पलीकडून बोल्टचं डोकं पान्याने धरलेलं. मागे दगड भरावेत का, असा विचार करत मी जीपखाली पडून होतो.

आई ओट्यावर तूर निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मी बसतो मांगं," ती म्हणाली.

बायकोने पाना सोडून सीटखालचं स्टूल काढून मांडलं, आणि परत येऊन पाना धरला. मला खालून फक्त आईचे पाय दिसत होते. एक पाय स्टुलावर गेला, तिथेच थांबला. बऱ्याच वेळाने दुसरा उचलला गेला. सीट करकरली आणि माझ्या डोळ्यांसमोर पाटा थोडा खाली बसला. आई ती काय, मूठभर बाई. पण पाटा बसला. मला रडू आलं. डोळे पुसावेत तर हात ग्रीसने माखलेले, म्हणून तसाच नट आवळत राहिलो.

आवळून झाल्यावर खालूनच म्हटलं, "झालं आई, उतर आता."

तिने सुनेला घरातून आपली पिशवी आणायला सांगितलं.

"उतरू कायले?" ती मला म्हणाली. "चाल, रिठदले जाऊ. हळू चालवजो. आज काई घाई नाई."