डोळ्यांपाशी नाक

"राव, आधी डोकं दिसू द्या, मग सांगतो." काळी नदीत मगर वर आली की गुंद गावचे मामा असे म्हणत. नाकापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर नजरेने धरून ते तिची लांबी सांगत. एक मेलेली मगर मी फीत लावून मोजली. मामा चारच बोटांनी चुकले होते.

मी तेव्हा खडक तपासणाऱ्या एका साहेबांचा कारकून होतो. साहेबांपाशी गोदावरीकडच्या तांबड्या खडकातून निघालेली एक दगडी कवटी होती. लांब जबडा, सुळ्यांसारखे दात. तुम्हीआम्ही मगरच म्हटले असते. मामांनी ती उलटसुलट पाहिली.

"मगर न्हाई ही. मगरीचं नाक तोंडाच्या टोकाला. हिचं डोळ्यांपाशी हाय."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी सांगितलेले मी मामांना समजावले. हे कूळ वेगळे, मगरींचे पूर्वज नव्हेत. नदीत मासे धरता धरता यांना ते रूप आले. पुढे वंश बुडाला, आणि फार काळाने मगरी त्याच रूपाला पोचल्या.

"एकबी उरली न्हाई?"

"एकही नाही."

साहेबांनी त्या जनावराचे मातीचे सात नमुने मामांकडून करून घेतले. प्रत्येक मीच मोजून घेतला.

मातीकाम मामांच्या घराण्यात होते. नदीतल्या मगरीने माणूस धरू नये म्हणून पौषी अमावास्येला शेताच्या बांधावर मातीची मगर करून तिच्यापुढे अंडे ठेवत. ती करण्याचा मान तीन पिढ्या त्यांचा. त्या वर्षी साहेबांच्या नमुन्यांना सरावलेला हात चुकला. नाक डोळ्यांपाशी गेले.

बुधवंत, म्हणजे कुणब्यांचे कारभारी, खवळले. "मामा, ही कुनाची मगर? नदीतली हिला वळखंल का?"

"सायबाची आसंल. टोपी घाला तिला!" मागून कोणी तरी बोलले.

"नीट करा, न्हाईतर मान पुतण्याला जाईल," बुधवंत म्हणाले.

माती ओली होती. "मामा, अंगठ्याचं काम आहे," मी हळूच म्हणालो.

मामांनी अंगठा टेकवला आणि काढून घेतला.

"न्हाई, राव. हिच्या कुळाला आजवर कुनी काय वाढलं न्हाई. एक येळ खाऊ दे."

मग पुतण्याला हाक मारून ते म्हणाले, "ये बाबा. बाजूला तुझी कर. नाक टोकाला, ध्यानात ठेव."

मान गेला तो गेलाच. पुढच्या पौषात मी गेलो, तेव्हा सारा गाव बांधावर होता. मामा अंगणात उन्हाला बसले होते.

"पुतण्याची बरी झाली म्हणं औंदा," ते म्हणाले.

"बरी झाली," मी म्हणालो.

मामांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, धुतलेले. नखांत मातीचा कण नव्हता. त्यांचे तसे हात मी तेव्हाच पाहिले, पहिल्यांदा आणि शेवटचे.