यादव भोईरच्या गोर्दिनीला लागलेलं कुंकू

टेमघरच्या यादव भोईरला गाडी चालवता येत नव्हती. ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी, कारण तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कालच फ्रान्समधली एखादी शर्यत जिंकून सकाळच्या एसटीने नाक्यावर उतरला आहे. प्रत्यक्षात तो सगळीकडे रिक्षाने जायचा, आणि रिक्षावाल्याला वळण कसं घ्यायचं ते मागून शिकवायचा. दोन रिक्षावाल्यांनी त्याला त्यावरून अर्ध्या रस्त्यात उतरवलंही होतं.

भोईरांची मानकोलीची शेती गोदामांखाली गेली आणि भाडं सुरू झालं. त्या भाड्यातून कुणी बंगला बांधला, कुणी गळ्यात साखळ्या घातल्या, कुणी लग्नात हळदीला आख्खं गाव नाचवलं. यादवने काचेचं कपाट केलं. एका परदेशी खेळण्यांच्या व्यापाऱ्याने गोदाम रिकामं करताना एक खोकं मागे टाकलं होतं. त्यात वरच एक बोटभर लांबीची निळी मोटार होती, अंगावर दोन पांढरे पट्टे, चौकोनी चेहरा, आणि चेहऱ्यावर अगदी यादवसारखाच, कुणीतरी आपला अपमान केल्याचा भाव. गाडीच्या पोटावर नाव होतं, रेनो आठ गोर्दिनी. यादवने सायबर कॅफेत बसून तिची कुळी काढली. साध्या घरगुती चार दारांच्या गाडीला एका माणसाने असं काही इंजिन बसवलं होतं की ती घाटात भल्याभल्यांना मागे टाकायची. बाहेरून साधी, आतून आग. यादवला ते स्वतःचंच वर्णन वाटलं.

मग सिम्का हजार आली, प्यूजो पाचशे चार आली, नाकाड सिट्रोएन आली. सगळ्या जुन्या, फ्रेंच, शर्यतीतल्या, आणि सगळ्या चार दारांच्या. दोन दारांची गाडी यादव घरात घेत नसे. "दोन दारांची गाडी जोरात पळली त्यात काय नवल," तो म्हणायचा. "बायकापोरं बसायची गाडी पळवून दाखव."

"आमाला कवा बसवलीस?" त्याची बायको शैला विचारायची.

थोरला भाऊ पंढरी शेजारच्याच घरात राहायचा, अंगण एकच. दोघांत बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण होतं एक डंपर.

भोईरांकडे आजोबांपासूनचा एक नियम होता. खाडीवर होडी आणि जाळी होती तेव्हापासूनचा. दसऱ्याला घरातल्या थोरल्या बाईच्या हातचं कुंकू ज्या वस्तूला लागेल, ती घराची. मग ती कुणीही कमावलेली असो, त्यात सगळ्या भावांचा वाटा. पंढरीने स्वतःच्या हिमतीवर डंपर घेतला आणि दसऱ्याला मोठ्या हौसेने अंगणात आणून आईसमोर उभा केला. पुतळाबाईने ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढली. कुंकू वाळायच्या आत यादव गावातल्या लडकू तात्याला घेऊन हजर. लडकू तात्या म्हणजे गावचा निवाडा करणारा म्हातारा. त्याने आजोबांचा नियम आठवला आणि अर्धा डंपर यादवचा झाला.

तेव्हापासून पंढरीने यादवकडे पाहून थुंकायची सवय लावून घेतली. यादवही मागे नव्हता. पंढरी अंगणात आला की तो खिडकीत उभा राहून मोठ्याने शैलाला विचारायचा, "आज आपला डंपर कुठं गेलाय गं?" त्यातल्या 'आपला' या शब्दावर तो सगळा जोर काढायचा.

झालं असं की दसऱ्याला भोईरांच्या अंगणात वाहन येणंच बंद झालं. पंढरी नवी स्कॉर्पिओ सासुरवाडीला नेऊन पुजायचा. चुलतभावांनी बाईकी मित्रांच्या दारात ठेवायला सुरुवात केली. एका पुतण्याने तर सायकलसुद्धा सकाळपासून लपवली. पुतळाबाईचं ताट तयार, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचे हार, नारळ, लिंबं, आणि समोर फक्त तो एकटा भांडणाचा डंपर. ती दोन्ही घरांकडे बघायची. दोन्ही घरं आपापल्या भिंतीकडे बघायची.

अशाच एका दसऱ्याला यादव डंपरजवळ पहारा देत उभा होता. पंढरीने डंपरही पळवला तर काय घ्या. आदल्या दिवशी त्याने कपाट साफ केलं होतं आणि किल्ली तशीच कुलपाला ठेवली होती. पुतळाबाईने डंपर पुजला. ताटात तर ढीगभर सामान उरलं होतं. म्हातारी यादवच्या घरात गेली. चाकं असलेलं काहीतरी ती शोधत होती.

यादव आत आला तेव्हा आख्खा फ्रान्स फरशीवर रांगेने उभा होता. प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर, काचेवर, टपावर ओल्या कुंकवाचं बोट. म्हातारीचं बोट जाड आणि गाड्या बारीक, त्यामुळे एकाही चालकाला समोरचं दिसलं नसतं. प्रत्येकीच्या चाकापुढे एक लिंबू, आणि ते गाडीपेक्षा मोठं. झेंडूच्या हाराखाली प्यूजो पूर्ण गाडली गेली होती. नारळ नुकताच फुटला होता आणि सिट्रोएन त्याच्या पाण्यात उभी होती. गोर्दिनीच्या पांढऱ्या पट्ट्यांतून लाल रंग हळूहळू पसरत होता.

"आये," यादव म्हणाला.

"किती वर्सं बिनपूजेच्या ठेवल्यास," पुतळाबाई समाधानाने म्हणाली. "येकीला धक्का लागला असता म्हंजी?"

"आये, या रस्त्यावर जात न्हाईत."

"म्हनूनच जात नसतील."

नारळ फुटल्याचा आवाज पंढरीने ऐकला होता. तो दारात येऊन उभा राहिला. त्याने फरशीकडे पाहिलं, आईच्या लाल बोटांकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की यादव रांगेला आडवा उभा राहिला. पंढरी वळला आणि लडकू तात्याला आणायला गेला.

लडकू तात्या खुर्चीत बसला, गुडघ्यावर हात ठेवून त्याने रांग न्याहाळली. "या गाड्या हायत?"

"खेलनी हायत," यादव घाईघाईने म्हणाला. हा शब्द त्याच्यासमोर उच्चारणाऱ्या मेहुण्याशी त्याने तीन वर्षं अबोला धरला होता.

"कालपरवापर्यंत तर शर्यतीच्या गाड्या होत्या," शैला आतून म्हणाली. तिला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. तिला फक्त हे वाक्य वाया घालवायचं नव्हतं.

"आयेच्या हातचं कुंकू लागलं का न्हाय?" पंढरीने विचारलं.

"लागलं," तात्या म्हणाला. "चाकं हायत. अर्ध्या तुझ्या. नियम म्हंजी नियम. हा यादवच तवा बोंबलत होता."

पंढरी खाली बसला आणि भाजी निवडावी तशा गाड्या निवडायला लागला. त्याला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण यादवचा चेहरा वाचता येत होता. हात प्यूजोवर गेला, यादवने श्वास रोखला. सिम्कावर गेला, यादव पांढरा पडला. गोर्दिनीवर गेला, तेव्हा यादवच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"ही पयली," पंढरी म्हणाला आणि त्याने गोर्दिनी मुठीत घेतली. "माझा नातू वालूत खेलवील. तो चाकं काढतो आधी, मग खेलतो."

"दादूस, ती ठेव."

डंपरच्या निवाड्यानंतर भावाशी थेट बोललेले हे त्याचे पहिले शब्द. पंढरीने गाडी अजून घट्ट धरली. "आता दादूस का? डंपरच्या टायमाला काय म्हनालास, आठवतंय? पंढरी भोईर. समन्स आल्यासारखं आख्खं नाव घेतलंस."

"तिच्या आरशाला बोट लावू नको. मोडंल."

"हा आरसा? मला वाटलं मुंगी बसलीय." आणि पंढरीने नखाने आरशाला एक टिचकी मारायची तयारी केली.

"डंपर तुझा," यादव म्हणाला.

आत शैलाच्या हातातलं झाकण पडलं.

"आख्खा?" पंढरीने विचारलं.

"आख्खा. माझा त्यात काय संबंध न्हाय, आन या गाड्यांत तुझा न्हाय. तात्या, ऐकलंत? आता तिला खाली ठेव. हलू."

तात्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण त्याच्या आख्ख्या आयुष्यात असा सौदा त्याने पाहिला नव्हता. पंढरीने गोर्दिनी खाली ठेवली आणि विजयी मुद्रेने अंगणात जाऊन डंपरचा हॉर्न वाजवला. बराच वेळ वाजवला.

त्या दुपारी शैलाने ताट असं आपटलं की पुरी उडून सिट्रोएनच्या शेजारी पडली. "रातच्याला सिम्काला सांगा वाढायला," ती म्हणाली, आणि पुढचे कित्येक दिवस यादवला जेवणाशिवाय दुसरं काही तिच्याकडून मिळालं नाही. जेवणही बिनमिठाचं.

पण खरी गंमत पंढरीची झाली. हॉर्न वाजवून दमल्यावर तो ओट्यावर बसला आणि विचारात पडला. डंपर असा कोण सोडतो? तोही यादव, जो खाडीतल्या चिखलाचीही वाटणी सोडत नाही? दिवाळी येईपर्यंत त्या विचाराने त्याला पार पोखरून काढलं. त्याने भंगारवाल्याला गिऱ्हाईक बनवून पाठवलं. भंगारवाला म्हणाला, वजन नाही. मग सोनाराला पाठवलं. सोनार म्हणाला, सोनं नाही. याने तर पंढरीची खात्रीच पटली, की जे काही आहे ते सोन्यापेक्षा भारी आहे.

शेवटी तो स्वतः आला. यादव कापसाने गोर्दिनीचे पट्टे पुसत बसला होता. लाल रंग गुलाबी झाला होता, त्यापुढे हटत नव्हता.

"खरं सांग," पंढरी दारातूनच म्हणाला. "हिच्यात काय हाय?"

यादवने खूप विचार केला. खरं सांगायला त्याची ना नव्हती. "इंजिन मागं हाय," तो म्हणाला.

"मना येडा समजतोस?"

"आणि घाटात वलनाला मागची बाजू सरकते. तवा घाबरायचं न्हाय, स्टेअरिंग उलटं फिरवायचं."

पंढरीच्या मानेच्या शिरा फुगल्या. तो तरातरा लडकू तात्याकडे गेला आणि म्हणाला की आपली फसवणूक झाली, निवाडा परत करा, डंपर परत घ्या आणि माझ्या वाट्याच्या अर्ध्या गाड्या मला द्या. तात्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आता दोन्ही घरं एकमेकांकडे बघून थुंकतात. पंढरी संध्याकाळी डंपर मुद्दाम यादवच्या खिडकीला लावून इंजिन चालू ठेवतो, धूर आत जावा म्हणून. यादव खिडकी लावून घेतो, कपाटाचं नवं कुलूप ओढून पाहतो, आणि त्या आवाजावरून शैलाला सांगत बसतो की दादूसच्या डंपरचा पंप गेला, महिनाभरात बंद पडणार. शैला अजून बिनमिठाचंच वाढते. पण परवा डंपर खरंच नाक्यावर बंद पडला, तेव्हा तिने भाजीत मीठ घातलं.