सुटलेल्या ट्रॉलीचा दिवा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जातो. वायरिंग करणारा माणूस मी — करंट असेल तर दिवा लागेल, नसेल तर नाही. बस! पण सन साठ-बासष्टच्या सुमारास जे पाह्यलं, त्याचं काय करू?

घाटंजीला माझी लिलावातली जुनी मिलिट्री जीप होती, मागे ट्रॉली. आम्ही शेटजींच्या जिनिंग फॅक्टरीला कापूस वाहायचो. भागीदार म्हणजे माझा मेहुणा किसन, बायकोचा धाकटा भाऊ. जीप सहा व्होल्टची, म्हणून ट्रॉलीच्या मागच्या दिव्यात बल्बही सहाचाच. बारा व्होल्टच्या गाडीला जोडायची तर बल्ब बदलावा लागे, नाहीतर भक्कन पेटून जळून जाई. किसनला हे शंभरदा सांगितलं, पण तो कानाआड करायचा.

ऐन हंगामात शेटजींनी आमचं काम बंद केलं. "दुसरी सोय झाली," म्हणाले. मी जीपचं सामान आणायला यवतमाळला गेलो की परतल्यावर ट्रॉलीचा बल्ब गेलेला! दोनदा झालं. काच आतून काळी. शेटजींचा नवा ट्रॅक्टर बारा व्होल्टचा... म्हणजे माझ्या मागं किसन ट्रॉली त्यालाच जोडत होता! डोकंच सणकलं माझं.

भर दुपारी किसनला अंगणात बोलावलं. ट्रॉली एकटी उभी, जीप पार लिंबाखाली, दिव्याच्या वायरीचा प्लग ट्रॉलीच्या दांडीला सुटा लोंबत होता. दिव्याची लाल काच मी काढली होती. बल्बातली तुटलेली तार दिसत होती.

आमचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरले. घरात शपथ व्हायची ती लादल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून. बैल गेले, तशी ती ट्रॉलीवर आली.

किसननं हात ठेवला. "हिची शपथ भाऊजी, म्या कोनाच्याच गाडीले लावली नाही."

आणि दिवा लागला! पांढराफक, डोळे दिपवणारा... तुटक्या तारेचा, सुटल्या ट्रॉलीचा. किसननं खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यावर दाबला. कापड जळाल्याचा वास आला, मग दिवा विझला. "बाईले सांगू नका," एवढंच बोलला. बाई म्हणजे त्याची बहीण, माझी बायको.

मी का गप्प बसतो? संध्याकाळी सगळं सांगितलं. किसन तिथंच भाकर खात होता. "कायचा दिवा? भाऊजीले ऊन लागलं!" म्हणून हसला मेला! बायकोही माझ्यावरच उलटली, "माह्या भावाच्या मांगं कायले लागले तुमी?"

पुढच्याच आठवड्यात तो शेटजींच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला. माझी भागीदारी संपली.

होळीला आला, खांद्यावर तोच दुपट्टा. मधोमध गोल ठिगळ. त्याचा टाका बारीक चौकटीचा, काठाला हिरवा दोरा... तसा टाका आमच्या घरात एकच बाई घालायची.

"हे कोणी शिवलं रे?" मी विचारलं.

किसन बहिणीकडे पाहायला लागला.

"चहा घ्या," बायको म्हणाली, "थंडा होऊन राह्यला."

दिवा कशानं लागला, मला आजही माहीत नाही. पुष्कळ वायरी तपासल्या आयुष्यात. त्या ठिगळाबद्दल मात्र बायकोला ती जाईपर्यंत पुन्हा विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.