ठकूमावशीच्या घरावरचा मासा

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जायची... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

माझं माहेर महाळुंगे पडवळ, सासर घोडेगाव. पण सासरची माणसं मूळची वर डोंगरातली. त्यांचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

दोन हजार चारच्या आसपास घोडेगावातल्या बायकांनी एका मंगल कार्यालयात चित्रांचं प्रदर्शन भरवलं. माझ्या सासूबाईंनी – आम्ही त्यांना आईच म्हणतो – गावच्या बायका गोळा केल्या आणि मांजरपाटाच्या लांबलचक कापडाला गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने अख्खं बुडालेलं गाव काढलं. लग्नघराच्या भिंतीवर काढतात तसं. प्रत्येक घरावर त्या घराची खूण. कुणाच्या दारावर नाचणीचं कणीस, कुणाच्या मोर, एका दारावर चक्क विंचू – त्या घरची म्हातारी फार तोंडाळ होती म्हणे! लोक यायचे आणि आई एकेका घराची गोष्ट सांगायच्या.

नदीकडच्या एका घरावर मात्र काहीच नव्हतं. ते ठकूमावशीचं, आईंच्या बालमैत्रिणीचं. गाव उठलं तेव्हा तिचं बिऱ्हाड जुन्नरकडे गेलं, पुढे ठावठिकाणा लागला नाही.

"तिची खूण तीच काढंल," आई म्हणायच्या. "मी न्हाई काढायची."

एका दुपारी गर्दी ओसरली, आई शेजारी चहाला गेल्या. कापडापाशी मी एकटीच. वळून बघते तर एक बाई उभी. हिरवं लुगडं, केस पांढरे, पुढचा एक दात पडलेला.

"पोरी, तू पारूची कोण?"

पारू म्हणजे माझ्या सासूबाई. "सून," मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्या गावच्या का? बसा, आई येतीलच."

"नगं. लई लांब जायचंय." पिठाच्या वाटीतली काडी घेऊन त्यांनी त्या रिकाम्या घरावर सावकाश काहीतरी काढलं. "तिला म्हणावं, मी वाट बघितली व्हती."

मी पाणी आणायला कोपऱ्यातल्या माठापाशी गेले. परत आले तर बाई नाही! दारात दोघी जणी तिकिटांच्या टेबलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोण बाई? कुणी आलं न्हाई, गेलं न्हाई."

घरावर मासा काढला होता. ओला. माशाच्या कमरेला वाळा.

आई आल्या, बघितलं आणि कापडासमोर खुर्ची ओढून बसल्या. लहानपणी नदीत पोहताना ठकूच्या पायातला वाळा वाहून गेला होता. 'मासळीनं घातला असंल' म्हणून दोघी हसत सुटल्या, आणि घरी मार बसेल म्हणून ही गोष्ट जन्मात कुणाला सांगायची नाही असं ठरलं. आईंनी ती मलाही त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

"मला न भेटता गेली?" एवढंच त्या पुटपुटत राहिल्या. प्रदर्शन संपेपर्यंत कापडासमोरची खुर्ची त्यांनी सोडली नाही. जेवायलासुद्धा उठल्या नाहीत.

पुढे तेच प्रदर्शन जुन्नरला नेलं. तिथे एक तरुण त्या घरापुढे थांबला. "हे आमचं घर," म्हणाला. ठकूमावशीचा मुलगा! आईंनी त्याचे दोन्ही हात धरले.

"ठकू कुठंय रं?"

तो म्हणाला, "मावशी, तुमाला कळलंच न्हाई व्हय? आई तर गाव सुटलं त्याच पावसाळ्यात गेली. तिकडं मढ गावात. तापाचं निमित्त झालं. एक केस पिकला नव्हता तिचा."

माशाबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत होत्या. नारायणगाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "सुमन, तुला दिसली तिचे केस कसे व्हते गं?"

"पांढरे," मी सांगितलं. "तुमच्यासारखेच."

"आन् दात?"

"पुढचा एक पडलेला."

आईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत... पण त्या हसत होत्या.

"म्हंजी म्हातारी झाली ती. माझ्यासंगंच झाली."

मी खूप डोकं चालवलं. कुणी थट्टा केली असेल, गोष्ट कुठून तरी बाहेर गेली असेल... काहीही धड जुळत नाही. पण ती बाई बसली असती तर बरं झालं असतं. आई दहाच पावलांवर होत्या हो.