हात जोडून दाखवा

"दुसऱ्या दिवशी मुकादमाला कसे हात जोडले, ते साहेबांना जोडून दाखवा."

मुकादमाचा वकील असं म्हणाला आणि मी जोडून दाखवले. सवयच ती. कोपरं पोटाशी, मान खाली. साक्षीच्या पिंजऱ्यात. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"जोडले होते ना? हो की नाही, तेवढंच सांगा."

"हाव. पण..."

"पण नको बाई. झालं आमचं."

त्यांचं झालं. माझं 'पण' जिभेवरच राहिलं. सरकारी वकील माझ्या बाजूचे म्हणायचे. त्यांनी उठून विचारायला पाहिजे होतं. ते पुढच्या खटल्याचे कागद चाळत बसले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता. नव्या जिल्ह्याला रस्ते पाहिजे होते, आम्हाला भाकर. मी बिलोलीकडची. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा हैदराबादेला कामाला गेला, तो परत आला नाही. बाविशीत एकटी उदगीरकडं खडी फोडायला आले. तिथं माझं कुणी नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच उपकार. कुणी घागरभर पाणी दिलं, उपकार. झोपडीपुरती जागा दिली, उपकार. मुकादमानं हजेरी मांडली, लई उपकार. सकाळी रांगेत उभं राहून त्याला हात जोडायचे, मग तो नाव घ्यायचा. सगळ्याच बाया जोडायच्या. मी जरा जास्तच वाकायची.

एका भर दुपारी त्यानं मला पाट्या न्यायला सामानाच्या तंबूत बोलावलं. तिथं त्यानं जे केलं ते मी कोर्टात सांगितलंय. इथं परत सांगत नाही. हातोडा बाहेर ठेवून आत गेले होते, एवढंच सांगते.

दुसऱ्या सकाळी रांगेत उभी राहिले. शेजारच्या झोपडीतली शेवंतामावशी कानाशी लागली, "जोड पोरी. न्हाई जोडलंस तर आज चूल न्हाई." जोडले. हजेरी पडली. संध्याकाळी भाकर पोटात गेली, तेव्हा कुठं पोलीस ठाण्यापर्यंत चालायचं बळ आलं.

हेच माझं 'पण' होतं.

मुकादमाचं म्हणणं, असं काही घडलंच नाही. पण खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी मला बोलताना पाहिलं होतं. माझा आवाज कुठं बसला, ते ऐकलं होतं. त्यांनी शिक्षा दिली. मी त्यांनाही हात जोडले.

मग त्यानं अपील केलं. मला वाटलं, वरच्या कोर्टात परत बोलावतील. ते 'पण' मी पाठ करून ठेवलं. खडी फोडताना पुटपुटायची. मावशी म्हणायची, "कोणत्या देवाचं नाव घेऊन राहिलीस गं? आम्हाला बी सांग, पाऊस तरी पडंल."

बोलावलंच नाही. अपिलात माणूस जात नाही, कागद जातो. कागदावर माझं 'हाव' होतं. तिथं मुकादमाचं म्हणणं फिरलं. घडलं, पण तिच्या राजीखुशीनं. त्याचं 'पण' त्यांनी ऐकून घेतलं. बाईच्या अंगावर ओरखडा नाही, आरडाओरडा नाही, वर दुसऱ्या दिवशी नमस्कार. सुटला.

सुटला आणि परत आमच्याच कामावर आला. सुटल्याचा गुलाल कपाळाला तसाच. रांग उभी राहिली. एकेक करून हात जुळत गेले. माझ्यापुढं थांबला.

"काय गं बिलोलीवाली, हातात काटे मोडले का?"

खोटं कशाला सांगू, हात आपोआप वर यायला लागले. ते मी पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"ह्याच हातांवर सुटलास तू. आता तुझ्यापुढं जुळायचे न्हाईत."

"मग हजेरी न्हाई."

"नको मांडू."

मावशीचे हात जोडलेलेच होते. मी तिला बोल लावत नाही. तिला चूल पेटवायची होती.

तिथूनच लातूरची बस धरली. सरकारी वकिलांना म्हटलं, "अजून वर जायचंय."

"ते सरकार ठरवतं, बाई. तुम्ही फक्त साक्षीदार."

घडलं माझ्यावर, आणि मी फक्त साक्षीदार.

"मग साक्षीदार म्हणून बोलते. माझं अर्धं बोलणं राहिलंय. लिहून घ्या."

"आता त्याचा काय उपयोग?"

त्यांनी पेन उचललं नाही. म्हणून चौथीतल्या अक्षरात मीच लिहिलं. हात जोडले होते. हाव. पण भाकरीसाठी. अंगाला हात लावायची परवानगी त्यात कुठं नव्हती.

कुणी मध्येच तोडलं तर मी पहिल्यापासून सांगेन. परत तोडलं तर परत पहिल्यापासून. वर जायला दार असेल तर तिथं जाईन, नसेल तर ह्या सरकारी वकिलांच्याच दारात बसेन. आणि ह्यापुढं कुणी म्हणालं, हात जोडून दाखवा, तर नाही दाखवणार. कोर्टात बी न्हाई.